मूळ नक्षत्र कुठं दिसतं?

पत्र:

बाई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात माहेरी राहते. वय ३२. लग्न झालं आणि अकरा महिन्यांत सासरे वारले. माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा, हे तेव्हा कुणीतरी उकरून काढलं. ‘मूळची पोरगी सासऱ्याले खाते’ हे मी सहा वर्षं ऐकलं, जेवताना, पाणी भरताना, पोर पोटात असताना. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानं मला आणि पोरीला बसमध्ये बसवून दिलं, पुन्हा न्यायला आला नाही. मी कापूस वेचणीला जाते, ब्लाउज शिवते. उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, १८ हजार साठले. पिको-फॉलचं मशीन घ्यायचं आहे. आई म्हणते, आधी मूळशांतीची पूजा कर, ११ हजार लागतील. त्याबिगर काही सुरू केलं तर बुडंल. परवा अंगणात झोपलो होतो. पोरगी आठ वर्षांची आहे. तिनं विचारलं, ‘आई, तुहं नक्षत्र कोनतं? दाखव ना.’ मी तिला दटावून झोपवलं. मला रात्रभर झोप आली नाही. मी आभाळाकडं बघणंच सोडलंय. काय करू?

उत्तर:

लेकी,

तुला तू म्हणते, रागवू नकोस. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवला. तुझ्या वयाच्या कितीतरी जणी माझ्या वर्गात बसून गेल्या.

आधी पोरीच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुझं नक्षत्र या दिवसांत रोज रात्री तुमच्या अंगणातून दिसतं. मे संपत आला की जेवणं, भांडी आटोपून अकराच्या सुमाराला बाहेर ये आणि आग्नेयेकडं तोंड कर. एक लालसर, ठळक तारा दिसेल. ती ज्येष्ठा. तिच्या वर, जरा उजवीकडं, तीन तारे थोड्या थोड्या अंतरावर एका रांगेत आहेत. ती अनुराधा. आता ज्येष्ठेपासून खाली, डावीकडं ये. ताऱ्यांची एक ओळ उतरत जाते आणि शेवटी आकड्यासारखी वळते. तो विंचू आहे, आपल्याकडं ज्याला इच्चू म्हणतात तोच, डोक्यापासून नांगीपर्यंत अख्खा. आभाळातली फार थोडी चित्रं नावाप्रमाणं दिसतात. हे दिसतं, लहान पोरालाही एकदा दाखवलं की पुन्हा दाखवावं लागत नाही. नांगीच्या टोकाला दोन तारे अगदी शेजारी शेजारी आहेत, एक जास्त तेजाचा, एक कमी. नांगीचा तो आकडा म्हणजे मूळ नक्षत्र.

चांदणं असलं तर बारीक तारे हरवतात, म्हणून अमावास्येच्या आगेमागे बघ. लाइट गेलेली असली तर फारच चांगलं.

आता, ‘मूळ नक्षत्रावर जन्म’ म्हणजे नेमकं काय, ते ऐक. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला २७.३ दिवस लागतात. म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याच्या वाटेचे २७ टप्पे केले, रोजचा एक मुक्काम. तू जन्मलीस त्या दिवशी चंद्र या नांगीच्या बाजूला होता, एवढाच त्याचा अर्थ. चंद्र आपल्यापासून पावणेचार-चार लाख किलोमीटरवर, आणि नांगीतले तारे इतके लांब की त्यांचा उजेड इथं पोचायला शेकडो वर्षं लागतात. तो लाल ज्येष्ठेचा तारा घे. त्याचा आज दिसणारा उजेड निघाला साधारण साडेपाचशे वर्षांपूर्वी, शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्याही कितीतरी आधी. त्या उजेडाला तुझ्या सासऱ्यांचं घर कुठून ठाऊक असणार?

आणि हिशेब तू स्वतः कर, शिवणकाम करणारीला हिशेब शिकवावा लागत नाही. चंद्र दर महिन्याला प्रत्येक नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे दर सत्तावीस माणसांमागं एक माणूस मूळचं. तुमच्या गावाची वस्ती २,७०० धरली तर शंभरेक माणसं मूळ नक्षत्रावर जन्मलेली आहेत. त्यात सरपंच असेल, दुकानदार असेल, तुझ्या सासरच्या गावातही तेवढीच असतील. त्यांतल्या बायांचे सासरे बाजेवर बसून चहा पीत आहेत. पुरुषांच्या नक्षत्राचा तर कुणी असा बाऊ करत नाही. मूळ नक्षत्रावरच्या जावयानं सासरा खाल्ला, असं तू कधी ऐकलंस? मला या वयातही याचा संताप येतो.

तुझे सासरे कशानं गेले हे तू पत्रात पुढं लिहिलं आहेस, तो भाग इथं छापलेला नाही. बीपी होता, गोळ्या सुटल्या होत्या, छातीत दुखायला लागलं ते अॅसिडिटी समजून सोडा दिला आणि रात्र घालवली. लेकी, ते हृदयविकारानं गेले. उशीर झाला म्हणून गेले. तू तेव्हा तेवीस वर्षांची होतीस आणि त्या घरात सगळ्यात नवी होतीस. घरात दुःख आलं की कुणावर तरी ठेवावंसं वाटतं, आणि नव्या सुनेवर ठेवणं सगळ्यात सोपं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझी आत्या आश्लेषाची होती. मूळ सासऱ्याला वाईट, तशी आश्लेषा सासूला वाईट, हे तुला माहीत असेलच. दोन स्थळं त्यावरून मोडली. तिसऱ्या वेळी आजोबांनी पत्रिकेत जन्मवेळ काही तासांनी पुढं ढकलली आणि आत्या मघाची झाली. लग्न झालं, संसार चांगला झाला. पण सासूला साधा ताप आला तरी आत्या रात्रभर उशाशी बसून राहायची, कारण खरं नक्षत्र तिला माहीत होतं. सासू नव्वदी ओलांडून गेली, सुनेच्या हातचं जेवून, तिचं कौतुक करत. आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा ती स्वतः ऐंशीची होती. ‘माह्या हातून काई होईन का, ह्या भेवातच जलम गेला वं,’ म्हणाली. तुझं पत्र वाचलं आणि मला तिचा तो आवाज आठवला. तुझी पोरगी अशी जगू नये, म्हणून मी हे इतकं लांब लिहिते आहे.

तुझ्या आईशी मात्र भांडू नकोस. ती वाईट सांगत नाही, ती घाबरली आहे. लेक परत आल्यापासून तिनं गावाचं किती ऐकलं असेल. तिला माझा चंद्राचा आणि किलोमीटरचा हिशेब पटणार नाही. तिला तिच्या घरातलंच सांग. भादव्यात आपल्याकडं महालक्ष्म्या बसतात ना? कोणत्या नक्षत्रावर बसवतात, विचार तिला. ती पाठ सांगेल: अनुराधावर आणायच्या, ज्येष्ठावर जेवायला घालायचं, मुळावर बोळवण करायची. आता अंगणात येऊन बघ. अनुराधा म्हणजे इच्चूचं डोकं, ज्येष्ठा त्याचं काळीज, मूळ त्याची नांगी. महालक्ष्म्यांचे तीन दिवस म्हणजे चंद्राची डोक्यापासून नांगीपर्यंतची तीन दिवसांची चाल. पाऊस उघडलेला असला तर भादव्यात दिवे लावायच्या वेळी दक्षिणेकडं हे डोळ्यांनी दिसतं. आंबील, सोळा भाज्या, पुरण, सगळ्या घराची धावपळ, आणि वर आभाळात चंद्र तुझ्या नक्षत्राकडं निघालेला. लक्ष्मी ज्या नक्षत्रावर घरात समाधानानं ओटी भरून घेते आणि पुन्हा येईन म्हणते, ते नक्षत्र लेकीच्या वेळीच कसं वाईट ठरतं?

आणखी एक सांग तिला. नवरात्रात सरस्वतीचं आवाहन करतात, तेही मूळ नक्षत्रावर. पंचांगात लिहिलेलं असतं, तुमच्या घरातलं पंचांग काढून दाखव. ज्या नक्षत्रावर सरस्वतीला बोलवायचं, त्याच नक्षत्रावर तू तिच्या पोटी आलीस. हे मी तुझी समजूत घालायला रचलेलं नाही, आपल्याच रीतीभातींत शेकडो वर्षं आहे. पोरींना टोचायच्या वेळी तेवढं कुणाला आठवत नाही.

शास्त्र मानणारं कुणी घरात असेल, भाऊ वगैरे, तर त्याला ही गोष्ट सांग. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातच एक चाचणी घेतली होती, २००९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि विचारलं, कोणती कुणाची ते सांगा. ५१ जण तयार झाले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी निम्मी बरोबर आली असती. पत्रिकेवरून एवढं मोठं, रोज डोळ्यांना दिसणारं वेगळेपण ओळखता आलं नाही. मग एका तेवीस वर्षांच्या पोरीच्या पत्रिकेवरून तिच्या सासऱ्याचं मरण कसं ओळखलं?

आता मला जे तुला सांगायची फार घाई झाली आहे, ते. तू जिथं बघायला घाबरतेस, त्या दिशेला आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे.

अंधाऱ्या रात्री इच्चूच्या नांगीजवळ आभाळात पांढुरका पट्टा दिसतो, विरळ धुरासारखा. उत्तरेकडं तो फिका होत जातो, नांगीच्या बाजूला सगळ्यात दाट असतो. तो धूर नाही, अब्जावधी तारे आहेत, इतके लांब की वेगवेगळे दिसत नाहीत. आपला सूर्य त्यांतलाच एक. हे सगळं भोवऱ्यासारखं एका मध्याभोवती फिरतं आणि तो मध्य आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे उजेडाला इथं पोचायला २६ हजार वर्षं लागतील इतका लांब, मूळ नक्षत्राच्या दिशेला आहे. तिथं एक कृष्णविवर आहे, ज्यातून उजेडही बाहेर सुटत नाही असं, ४० लाख सूर्यांच्या वजनाचं. ते तिथं असल्याचं ताऱ्यांच्या फिरण्यावरून दाखवून देणाऱ्या आंद्रेआ गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांना २०२० सालचं नोबेल मिळालं. गेझ या बाई आहेत, पोरीला हे नक्की सांग. मे २०२२ मध्ये त्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जगानं पाहिलं. ‘मूळ’ हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांना यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, हा नुसता योगायोग आहे. पण मला तो फार आवडतो. झाडाचं मूळ असतं तसं सगळ्या आकाशगंगेचं मूळ त्याच बाजूला निघालं.

नांगीच्या डाव्या अंगाला एक पुसटसा ठिपका दिसतो का बघ, बोट लावून पुसल्यासारखा. तो ताऱ्यांचा गुच्छ आहे, एकाच ढगातून एका वेळी जन्मलेल्या भावंडांचा. साध्या दुर्बिणीतूनही त्यातले तारे सुटे दिसतात. आपल्या सूर्याचं वय साडेचारशे कोटी वर्षं, या गुच्छाचं वीसेक कोटी. आभाळात तारे अजूनही जन्मतात, लेकी. मी हे वर्गात सांगायची तेव्हा पोरं हमखास विचारायची, ‘बाई, आज पन जल्मला आसंल का?’ मी सांगायची, हो.

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ अशी मान्यता मिळाली. रात्रीचा अंधार राखायचा म्हणून तिथल्या बफर क्षेत्रातल्या गावांमधले दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडं वळवला. मोठ्या शहरांतली माणसं पैसे खर्चून असं आभाळ बघायला जातात. तुझ्या अंगणाच्या वर ते फुकट आहे, आणि भीतीपायी तू मान खाली घालून झोपतेस, याचं मला वाईट वाटतं.

तुझ्या नक्षत्राचं वर्ष कसं जातं तेही सांगते. उन्हाळ्यात ते रात्रभर वर असतं. पावसाळ्यात ढगाआड. दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळी नैऋत्येला खाली उतरलेलं दिसतं आणि नोव्हेंबर सरता सरता दिसेनासं होतं. डिसेंबरच्या मध्याला सूर्य नेमका मूळ नक्षत्रात येतो, तेव्हा तुम्ही वावरात कापूस वेचत असता आणि तुझं नक्षत्र भर दिवसा सूर्यासोबत डोक्यावरून जात असतं. दिसत कुणालाच नाही. मग संक्रांतीच्या आसपास एका पहाटे, दिवस उगवायच्या आधी, आग्नेयेला नांगी परत वर येते. मी नोकरीत असताना सकाळची बस धरायला फाट्यावर उभी राहायची, तेव्हा दर जानेवारीत तिची वाट बघायची. महिना-दीड महिना गायब असते, पण येते. तू तीन वर्षं झाली माहेरी आहेस. तुझ्याबद्दल मला तसंच वाटतं.

आता पैशाचं. अकरा हजार देऊ नकोस. अठरातून अकरा गेले की मशीन पुढच्या उलंगवाडीवर गेलं, आणि पुढच्या वर्षी कापसाचं काय होईल हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही. आईचं मन राखायचं असेल तर ज्या दिवशी मशीन येईल त्या दिवशी त्याला हळद-कुंकू लाव, नारळ फोड, आईच्याच हातानं दिवा लाव, शेजारीपाजारी गूळ-फुटाणे वाट. तिनं तुझ्यासाठी हात जोडले की झालं. देवापुढं हात जोडायला मी कधी कुणाला अडवलं नाही. पण ‘तुझ्यात दोष आहे आणि तो काढायचे इतके पैसे’ हे ज्या पूजेत मान्य करावं लागतं, ती करू नकोस. एकदा पैसे मोजलेस की तू स्वतःच कबूल केलंस असं होईल, आणि पोरगी ते बघेल.

मशीन लवकर घे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटाला उघडतात. त्याआधी गणवेश आखूड-लांब करणं, चेन बसवणं, उसवलेलं शिवणं, हे काम गावोगाव असतं. मग पोळा, महालक्ष्म्या, दसरा, साड्यांना फॉल-पिको लागतोच. पैसे थोडे कमी पडले तर गावातल्या बचत गटात चौकशी कर. ‘उमेद’ अभियानाचे गट बहुतेक गावांत आहेत, त्यातून कर्ज मिळतं. सावकाराकडं जाऊ नकोस.

आणि एक गोष्ट तू विचारलीच नाहीस, ती मी सांगते. नवऱ्यानं बसमध्ये बसवून दिलं म्हणजे त्याची जबाबदारी संपली नाही. तुझा आणि पोरीचा खर्च देणं त्याच्यावर कायद्यानं आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात. पोटगीचा अर्ज करता येतो. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात सहा-सहा वर्षं टोमणे मारून छळणं, खर्चाला पैसे न देणं हेही हिंसाचारच धरतात. लग्नाचा पुरावा, पोरीचा जन्मदाखला, आधार कार्ड एका पिशवीत घालून ठेव. जाताना भावाला किंवा गावातल्या आशाताईला सोबत ने, एकटी जाऊ नकोस. परत नांदायला जायचं की नाही हे तू ठरव, त्यात मी पडत नाही. पण पोटगी मागितल्यानं तू वाईट ठरत नाहीस, एवढं ध्यानात ठेव.

आज रात्रीचं तेवढं राहिलं. दक्षिणेकडं बघायला उत्तरेला डोकं करून झोपावं लागेल आणि आई ओरडेल, उत्तरेला डोकं करू नये म्हणून. तर झोपू नका. बाजेवर दोघी बसा, पोरीला मांडीवर घे, आईलाही शेजारी बोलव. आधी उत्तरेला वळून सप्तर्षी दाखव. माझी आजी त्याला म्हातारीची बाज म्हणायची, चार खूर आणि मागं तीन चोर, पोरीला ते आवडेल. मग आग्नेयेला वळा, लाल तारा शोधा, आणि तिथून बोटानं नांगीपर्यंत उतरा. पोरीनं पुन्हा विचारलं की सांग, ‘ते दोन तारे दिसतात ना, जवळजवळचे? ते माझं.’ मग ती तिचं विचारेल. पंचांग बघून ठेव, तेही कुठं दिसतं ते मला लिहून विचार, मी कळवीन.